जनाभाऊंचा सिनेमा

जनाभाऊ कुठलाही सिनेमा मध्यंतरापर्यंतच बघायचे. बोईसरच्या टॉकीजमधला दारावरचा माणूस त्यांना ओळखून होता. मध्यंतर झालं की लोक वड्यांच्या गाडीकडे धावत आणि जनाभाऊ सायकलचं कुलूप काढू लागत. सिनेमेसुद्धा त्यांना खुनाचे आणि स्मगलिंगचेच लागत. प्रेमाच्या सिनेमाला त्यांनी कधी तिकीट काढल्याचं मला आठवत नाही. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मी चिडलो. अर्ध्या सिनेमातून उठायचं म्हणजे अर्ध्या जेवणातून उठण्यासारखंच. मी म्हटलं, "अहो, खुनी कोण ते तरी कळू द्या."

"कळून काय करायचं?" ते म्हणाले. "आता त्याला बंगला निघंल, बंगल्यात कुत्रा निघंल, मग तो ल्हानपणी कसा बिघडला ते सांगतील. आपल्या इथल्या व्हिलनचा कुत्रा कोणी बघितलाय काय?"

मी हसलो. मी सफाळ्याकडचा शेतकऱ्याचा पोरगा, नुकताच केमिस्ट म्हणून लागलेला. माणूस विनोदी आहे एवढाच निष्कर्ष मी काढला. माझे बरेचसे निष्कर्ष त्या काळात असेच असत.

आमचा कारखाना रंगांचा. जनाभाऊ स्टोअरकीपर होते. त्या आठवड्यात कुठला रंग पॅक होतोय हे त्यांच्या नखांवरून कळायचं. राहायला नवापूरला, जातीने मच्छीमार, पण घरातला कारखान्यात आलेला पहिलाच माणूस. सकाळी सायकलवरून यायचे, डब्यात सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. घाई नावाची गोष्ट त्यांच्या अंगात नव्हती. मॅनेजर ड्रमसाठी ओरडू लागला की शांतपणे म्हणत, "साहेब, भरती आली का होडी आपसूक उठंल." मॅनेजर नागपूरचा होता, त्याला होडी कळत नव्हती आणि भरतीही. तो नुसताच लाल व्हायचा.

त्यांना एक भाऊ होता हे मला दोन-तीन वर्षांनी कळलं. थोरला, भिवा. सत्तरच्या दशकात या किनाऱ्यावर माल उतरायचा, हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. घड्याळं, कापड, ट्रान्झिस्टर. बाहेरची माणसं येत, गावातल्या एखाद्या होडीला हाताशी धरत, आणि सकाळी वाळूवर काही शिल्लक नसे. भिवाने एक-दोनदा चारचौघांत म्हटलं होतं की हे मी कस्टमवाल्यांना सांगणार. मग एका पहाटे तो वाळूवर सापडला. डोक्यावर जखम होती. होडीतून पडला, बुडाला, असं कागदावर लिहिलं गेलं आणि प्रकरण मिटलं. त्या रात्री बाहेरचे दोघे वाळूवर दिसले होते, एवढंच गावात कुजबुजलं गेलं. जनाभाऊ तेव्हा बोईसरला रात्रपाळीत होते. ते पोचले तेव्हा गाव गोळा झालं होतं, पण प्रेताला कोणी हात लावला नव्हता.

"समुद्रानं टाकलेला माणूस कसाही पडलेला असतो," जनाभाऊंनी मला सांगितलं होतं. "आमचा भिवा भरतीच्या रेषेच्या वर, सुक्या वाळूत, पाय सरळ करून झोपवलेला व्हता. तोंडावर फडकं. फडक्याची दोन्ही टोकं कानाखाली खोचलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मीच ती टोकं सोडवली."

म्हणजे कोणीतरी त्याला पाण्यातून वर आणला होता. कोणी, ते चौदा-पंधरा वर्षं कोणी बोललं नाही. जनाभाऊंच्या आईने मात्र त्या अनोळखी माणसाला आपल्या घरातलाच एक करून टाकला होता. नारळी पौर्णिमेला घरटी एक नारळ दर्याला जातो. ही म्हातारी दोन न्यायची. पहिला दर्याचा. दुसरा सोडताना मोठ्याने म्हणायची, "माझ्या पोराचं तोंड ज्यानं झाकलं, त्याच्या घरात कदी अंधार पडू नये." मी एका वर्षी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. बाजूला अख्खं गाव उभं होतं, आणि त्या वाक्याच्या वेळी कोणीही कोणाकडे बघत नव्हतं.

सिनेमा काढायचं खूळ जनाभाऊंच्या डोक्यात आलं ते ऐंशीचं दशक संपता संपता. बोईसरात तेव्हा लग्नाचं व्हिडिओ शूटिंग निघालं होतं. मिश्रा नावाच्या फोटोग्राफरने कॅमेरा आणला होता आणि लग्नसराई संपली की तो कॅमेऱ्यासकट माशा मारायचा. जनाभाऊंनी त्याला गाठलं. मला गाठलं, कारण मी कारखान्याच्या गणपतीत नाटकं लिहायचो. त्या दिवसापासून ते मला 'लेखक' म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

गोष्ट साधी होती. मच्छीमाराचा मुलगा माल उतरताना बघतो, बाहेरचे दोघे त्याला मारतात आणि पाण्यात टाकतात. भिवाची गोष्ट, नाव बदलून. मी विचारलं, "जनाभाऊ, खुनी पकडायचेत का?"

"नाय," ते म्हणाले. "मला फक्त ते कसं झालं आसंल, ते एकदा बघायचंय. मी तिथं नव्हतो ना."

हे त्यांनी स्टोअरमध्ये ड्रमवर बसून, नखं खरवडत सांगितलं.

सिनेमा म्हणून सांगायचं तर तो भयंकर रटाळ व्हायला लागला. माणूस जाळं विणतोय तर जनाभाऊ मिश्राला कॅमेरा बंद करू देत नसत. होडी ओहोटीत चिखलात रुतली आहे, पाणी यायची वाट बघत माणूस विडी ओढतोय, तर ती विडी संपेपर्यंत आम्ही बघायचं. मी म्हणायचो, लोक झोपतील. ते म्हणायचे, "झोपू दे. त्या दिवशी पण गाव झोपलेलंच व्हतं."

आणि खलनायक तर मुळात उभेच राहीनात. गावातला एकही माणूस ती कामं करायला तयार होईना. गंमत म्हणून विचारलं तरी लोकांना एकदम जाळी सुकवायची आठवण व्हायची. शेवटी पॅकिंगमधले दोन कंत्राटी कामगार तयार झाले, पण तोंड दाखवायचं नाही या अटीवर. त्यामुळे आमचे खलनायक सबंध सिनेमाभर पाठमोरे होते. मी त्यांच्यासाठी संवाद लिहिले होते, चांगले झणझणीत. जनाभाऊंनी ते सगळे काढून टाकले. मिश्रा तर हवालदिल झाला. "भाईसाब, इसमें विलेन का तो कुछ है ही नहीं. ना नाम, ना चेहरा. पब्लिक डरेगी किससे?"

जनाभाऊंनी त्याला उत्तर दिलं ते अजून आठवतं. "मिश्राजी, मला जेवडं म्हायती हाय तेवडंच मी दाखवनार. मला त्यांचं कायच म्हायती नाय."

भिवाचं काम जनाभाऊ स्वतः करत होते. चाळिशीला आलेला, कानशिलं पिकलेला माणूस सव्वीस वर्षांच्या पोराचं काम करत होता, आणि आम्ही त्यांची थट्टाही केली. पण गावातलं एकच माणूस आपण होऊन आलं. शेजारचा राघोकाका. साठीच्या पुढचा, कमी बोलणारा, हातांना दोरांचे घट्टे. त्याची होडी आता मुलगा चालवायचा. पौर्णिमेला म्हातारीला हाताला धरून वाळूवरून न्यायचं, होडी आली की तिच्या टोपलीत दोन पापलेटं टाकायची, हे राघोकाकाचं वर्षानुवर्षांचं. तो म्हणाला, "होडीवर तांडेल लागंल ना तुमाला? मी बसतो." जनाभाऊ खूश झाले. होडीवरच्या दोघांना एक होडी चालवणारा लागणारच होता, आणि त्याच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं.

ज्या दिवशी प्रेताचा प्रसंग घेतला तो दिवस हिवाळ्यातला, दुपारचा. पाणी चढत होतं. प्रसंग असा होता की मारेकरी प्रेत उथळ पाण्यात सोडून देतात आणि होडी निघून जाते. जनाभाऊ घोटाभर पाण्यात डोळे मिटून पडले होते. ते दोघे पाठमोरे निघून गेले. आता राघोकाकाने होडीत चढायचं आणि वल्हं मारायचं, एवढंच बाकी.

राघोकाका चढला नाही. तो पाण्यातच मागे वळला. मग वाकला, जनाभाऊंच्या काखेत हात घातले आणि त्यांना मागे ओढू लागला. मी 'कट' म्हणणार होतो, पण मिश्राने मला गप्प राहायची खूण केली. त्याला ते बघायला बरं वाटत असावं. राघोकाकाने जनाभाऊंना ओल्या वाळूवरून, वाळलेल्या शेवाळाच्या रेषेपलीकडे, पार सुक्या वाळूपर्यंत ओढलं. त्यांचे पाय धरून सरळ केले. मग डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, त्यांच्या तोंडावर टाकला आणि त्याची दोन टोकं घेऊन, लहान पोराला झोपवतात तशी, एकेक कानाखाली खोचली.

जनाभाऊ उठले नाहीत. रुमाल त्यांच्या श्वासाने हलत होता. मग रुमालाखालून त्यांचा आवाज आला, अगदी नेहमीचा.

"काका, हे तुला कोणी सांगितलं?"

मला वाटलं, संवाद म्हणतायत. मी कागद चाळू लागलो.

राघोकाका त्यांच्या उशाशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "कोणी सांगंल? मीच केलं व्हतं."

"तू त्याला पाण्यात बघितलास?"

"नाय. मी होडीवर व्हतो." मग म्हणाला, "मी धरला व्हता त्याला. मागनं. त्यांनी मारला, पन धरला मी. ते त्याला खोल पाण्यात टाका म्हनत व्हते, मी नाय ऐकला. म्हनलं, त्याच्या आयला पोरगा गावला पायजे. तेवडं केलं मी."

जनाभाऊंनी अजून तोंडावरचा रुमाल काढला नव्हता. "ते दोघं कोण?"

"नावं नाय ठाऊक. एक उंच व्हता. एक चष्मेवाला. परत कदी दिसले नाय."

एवढंच. जनाभाऊ इतकी वर्षं ज्या दोन माणसांचा विचार करत आले होते, त्यांच्याबद्दल जगात ज्या एकमेव माणसाला काही माहीत होतं, त्यालासुद्धा एवढंच माहीत होतं. मी मिश्राकडे बघितलं. कॅमेरा चालू होता.

राघोकाका पुढे सांगू लागला, तेव्हा जनाभाऊ उठून बसले आणि म्हणाले, "बस. पुढचं नको." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. राघोकाका हात जोडून म्हणाला, "जना, मला तुझ्या आयकडं ने. मी सांगतो तिला. मग गावाला सांग, पोलिसांना दे. तिचा नारळ मला सोसत नाय रे. दर साली ती माझाच हात धरून तिथं येते आनि मलाच आशीर्वाद देते."

"नाय," जनाभाऊ म्हणाले. "ती जित्ती हाय तवर तू गप ऱ्हायाचं. तुला हलकं व्हायचं आसंल तर दुसरीकडं जा. माझ्या आयच्या दारात नाय."

मी त्या संध्याकाळी त्यांच्याशी भांडलो. मला पोलीस हवे होते, कोर्ट हवं होतं. पुरावा टेपवर आहे, आवाजासकट आहे, असं मी तावातावाने सांगत होतो. जनाभाऊंनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "लेखक, आयकडं एक पोरगा व्हता, तो गेला. मग तिनं एक मानूस धरून ठेवला, ज्यानं पोराचं तोंड झाकलं. त्याच्यावर ती जगली. आज मी तिला जाऊन सांगू, का तो बी तसलाच? मग तिच्याकडं काय ऱ्हायलं? केस?"

दुसऱ्या दिवशी ते मिश्राच्या स्टुडिओत गेले आणि त्या टेपवर त्याच्या देखत चिंचणीकडचं कुणाचंतरी लग्न उतरवून घेतलं. मी तिथे होतो. रुमाल, वाळू, राघोकाका, सगळ्यावर अक्षता पडल्या आणि बँडचा आवाज चढला. हळदीचा कार्यक्रम येईपर्यंत जनाभाऊ टीव्हीसमोर उभे राहिले, नीट खात्री करून घेतली, आणि मग म्हणाले, "चला, पाळीला उशीर व्हतोय." त्यांच्या तोंडून उशीर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सिनेमा पावसाळ्यात, होड्या वर ओढलेल्या असताना, सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवला. खिडक्यांना ताडपत्री लावली होती. भाड्याचा टीव्ही, भाड्याचा व्हीसीआर. सव्वा तास माणसं जाळी विणत होती आणि पाण्याची वाट बघत होती. पोरं पळाली. उरलेल्यांनी जांभया दिल्या. कारखान्यातल्या मंडळींनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "बाकी ठीक आहे हो, पण व्हिलन अगदीच पातळ झालेत. आणि शेवट काहीच नाही." बरोबर होतं. नंतर पुन्हा घेतलेल्या शेवटात प्रेत पाण्यातच राहत होतं आणि होडी निघून जात होती. जे एक दृश्य त्या सिनेमात खरं होतं, ते कुणाच्या तरी लग्नाखाली गेलं होतं. लोकांनी मला नावं ठेवली आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

म्हातारी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, राघोकाका तिच्या मागे. दिवे लागल्यावर ती जनाभाऊंना म्हणाली, "जना, माझा भिवा आसा पाय घासत चालायचा नाय." आणि मग, "त्याला पान्यात कसा सोडलास रे? त्याचं तोंड झाकलं ना कोनीतरी. तेच दाखवायचं व्हतं तू."

"टेप खराब झाली, आय," जनाभाऊ म्हणाले.

त्यानंतर ते टॉकीजला गेले नाहीत. मी एकदोनदा विचारलं, तर म्हणाले, "मला पुरं झालं." राघोकाकाशी त्यांनी बोलणं सोडलं नाही. उलट दर नारळी पौर्णिमेला त्याने म्हातारीला हाताला धरून न्यायचं हे जनाभाऊंनी चालू ठेवलं. राघोकाका दारात रेंगाळला तर जनाभाऊ आतून हाक मारत, "काका, आय तयार झाली." मी एका वर्षी ते बघितलं आणि मला माझ्या या मित्राची पहिल्यांदा भीती वाटली. सभ्य माणूस किती कठोर होऊ शकतो याचा अंदाज मला त्यापूर्वी नव्हता. पण नारळ सोडताना म्हातारी ते वाक्य म्हणायची, तेव्हा जनाभाऊही तिथेच उभे असत, आणि त्यांच्याकडेही बघवत नसे. शिक्षा त्यांनी दोघांना दिली होती.

म्हातारी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गेली. मी सकाळी नवापूरला पोचलो तेव्हा अंगणात तिला तिरडीवर ठेवलं होतं, नवं लुगडं, तोंड उघडं. गेली दोनेक वर्षं ती येईल त्याला सांगायची, "मी गेले का माझं तोंड त्यानं झाकावं, ज्यानं माझ्या भिवाचं झाकलं. जित्ता आसंल तर येल तो." म्हातारपणाचं बोलणं म्हणून लोक मान हलवत. तोंड झाकायची वेळ आली आणि भटजींनी जनाभाऊंकडे पांढरं कापड दिलं. सगळ्यांना वाटलं, मुलगाच झाकणार.

जनाभाऊ कापड घेऊन अंगणाच्या कडेला गेले. राघोकाका कुंपणाला धरून उभा होता. जनाभाऊंनी कापड त्याच्या हातात दिलं. रडणाऱ्या बायका थांबल्या. तो त्या पहाटे तिथे होता, हे गावाला कोणी न सांगता कळलं.

राघोकाका पुढे आला. त्याने तिचं तोंड झाकलं आणि दोन्ही टोकं कानाखाली खोचली. काम नीट केलं. मग तो उठेना. जनाभाऊ त्याच्या शेजारी बसले.

"आता सांग तिला," ते म्हणाले.

आणि राघोकाकाने सांगितलं. तिच्या झाकलेल्या तोंडाकडे बघत, सावकाश, सगळं. उंच माणूस, चष्मेवाला, होडी, वल्हं, मी धरला. अंगण ऐकत होतं. तो थांबल्यावर जनाभाऊंनी विचारलं, "भिवा काय बोलला?" वाळूवर त्यांनी जे 'पुढचं नको' म्हणून थांबवलं होतं, ते हे होतं.

"कायच नाय बोलला," राघोकाका म्हणाला. "सुटायला पन नाय बघितलं त्यानं. ते दोघं वल्हं घेऊन आले, तसा तोच माझ्याकडं सरकला. त्याला वाटलं, काकानं मला वाचवाया धरलाय."